छोट्या टाकीतील समुद्राला हवा बेताचा प्रवाह

दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत गोड्या पाण्यातील मासे पाळण्याचा छंद शहरी घरांना नवा नाही. मात्र ४०-५० लिटर खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि बोटाच्या पेराएवढे मासे एकत्र जोपासायचे, तर पाण्याच्या शुद्धतेइतकेच त्याच्या वाहण्याकडेही लक्ष द्यावे लागते. प्रवाळाला खेळते पाणी हवे असते. चिमुकल्या माशाला त्याचा जोर सोसत नाही. या दोन गरजांची सांगड घालणे, हीच अशा टाकीची खरी कसोटी.

प्रवाळ हा प्राणी असला तरी जागचा हलत नाही. प्राणवायू आणि अन्नकण त्याच्यापर्यंत पाणीच पोचवते. त्याने टाकलेला चिकट स्राव व मळही पाणीच वाहून नेते. प्रवाळाच्या पृष्ठभागाला लगटून जवळजवळ स्थिर पाण्याचा पातळ थर असतो. प्रवाह मंदावला की हा थर जाड होतो आणि वायूंची देवघेव खुंटते. साचलेल्या कोपऱ्यात गाळ बसून तांबूस, बुळबुळीत थरही धरू लागतो.

माशांचे गणित याउलट आहे. गोबी कुळातील 'एव्हिओटा' हे मासे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे. त्यांपैकी 'एव्हिओटा सिगिलाटा' या जातीचे कमाल आयुष्य ५९ दिवसांचे असल्याचे ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवरील संशोधनातून २००५ साली समोर आले. असे मासे खुल्या पाण्यात फारसे पोहत नाहीत. खडकाच्या खाचेत, जिथे लाटेचा जोर ओसरतो, तिथे ते बसून राहतात. टाकीतही त्यांना असाच आडोसा लागतो.

हिशेब कसा करावा?

मऊ प्रवाळांसाठी टाकीतील पाणी तासाला १० ते २० वेळा फिरावे, फांद्यांच्या कठीण प्रवाळांसाठी ३० वेळा किंवा अधिक, असा छंदिष्टांमधील ठोकताळा आहे. ४० लिटरच्या टाकीत २० पटीने ताशी ८०० लिटर होतात. पण हा सारा प्रवाह अरुंद तोंडाच्या एकाच पंपातून सोडला, तर दीड फुटी टाकीत पिचकारीसारखी धार तयार होते. त्याऐवजी ताशी ४०० लिटरचे, रुंद तोंडाचे दोन पंप समोरासमोरच्या काचांवर, किंचित वर रोखून बसवावेत. दोन्ही प्रवाह मध्यावर आदळून विखुरतात आणि पृष्ठभागावर तरंग उठून प्राणवायूही मिसळतो. टायमरवर पंप आलटून पालटून चालवले तर दिशा बदलत राहते. मात्र त्या वेळी प्रवाह निम्मा होतो, हे ध्यानात घ्यावे.

पंपाच्या शोषणाच्या जाळीत लहान मासे अडकून मरतात. त्यावर जाडसर स्पंज बसवावा आणि तो नियमित धुवावा. तुंबलेल्या स्पंजामुळे प्रवाह घटतो. खडक मागील काचेला टेकवू नयेत. मागून पाणी फिरायला जागा ठेवून तळाशी लहान कपारी राखाव्यात. खाद्य घालताना पंप दहा मिनिटे बंद ठेवल्यास माशांना ते टिपता येते.

प्रवाह योग्य आहे का, हे टाकीच सांगते. प्रवाळाची एकच बाजू सोलवटू लागली, तर धार थेट पडते आहे. मासे सतत एकाच कोपऱ्यात दबून बसले, खायलाही बाहेर येईनासे झाले, तर जोर अधिक आहे. याउलट खडकांवर गाळ दिसू लागला, तर प्रवाह अपुरा आहे.

खरा धोका असतो तो वीज गेल्यावर. गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावाच. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्याने करावी, कारण मीठ टाकीतच राहते.

आणखी एक भान आवश्यक आहे. प्रवाळखडक घडवणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. आपल्या किनाऱ्यावरून ते उचलणे वा त्यांची विक्री करणे गुन्हा आहे. टाकीत काय आणायचे याची कायदेशीर खातरजमा आधी करावी, पंपाची खरेदी नंतर.