जुन्या गाडीची किंमत तिच्या कागदात

पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचा धंदा करणाऱ्याला 'माल कुठल्या बागेचा?' हा प्रश्न नवा नाही. युरोपला जाणाऱ्या पेटीचा माग ग्रेपनेटवर थेट बागेपर्यंत काढता येतो. माग तुटला की चांगला मालही अडतो. जुन्या मोटारींच्या व्यापारातही हाच नियम आहे. मुंबई-आग्रा रस्त्यालगत गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, स्पेअर पार्ट आणि जुन्या गाड्यांची दलाली करणारे आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्यासाठी आम्ही इटलीच्या एका मोटारीची हकीकत देत आहोत.

अपघाताची गाडी, विक्रमी भाव

फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' या शर्यतीच्या गाड्या चाळीसहूनही कमी बनवल्या. त्यातली ३८५१ जीटी या चेसिस नंबरची गाडी सप्टेंबर १९६२ मध्ये फ्रान्सचे जो श्लेसर यांना मिळाली. पुढच्याच महिन्यात पॅरिसजवळच्या माँटलेरी येथील शर्यतीत तिला अपघात झाला. गाडी चालवणारे आँरी ओरेये त्यात मरण पावले. १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले होते.

गाडी कारखान्यात परत गेली, दुरुस्त झाली आणि इटलीत पाओलो कोलंबो यांच्याकडे आली. त्यांच्याकडून ती एर्नेस्तो प्रिनोथ यांच्याकडे गेली आणि १९६५ मध्ये फाब्रित्सियो व्हियोलाती यांनी घेतली. २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४५ वर्षे, त्यांनी ती सांभाळली. ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात बोनहॅम्सच्या लिलावात तिला ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलर आले. त्या वेळच्या दराने हे सुमारे २३० कोटी रुपये होतात. लिलावात कोणत्याही मोटारीला तोवर एवढा भाव आला नव्हता.

आपल्याकडे अपघाताची गाडी म्हटली की गिऱ्हाईक पाठ फिरवते. मग या गाडीला एवढा भाव का? गाडी दुर्मिळ होती हे खरेच. पण पहिल्या मालकापासून शेवटच्या मालकापर्यंत साखळी कुठे तुटलेली नव्हती. अपघात कधी झाला, दुरुस्ती कोणी केली, हे सारे उघड होते. सांगितलेला ऐब हिशोबात धरता येतो. लपवलेला ऐब उघडा पडला की गाडीबरोबर विकणाऱ्याचे नावही जाते.

मुंबईची फेरारी

आपल्या राज्यातील उदाहरण सचिन तेंडुलकर यांच्या फेरारी ३६० मोडेनाचे आहे. ती जुनी गाडी नव्हे, पण कागदाचे महत्त्व तिच्यावरूनही कळते. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये फियाट कंपनीने ती भेट दिली. तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयात शुल्क सरकारने माफ केल्यावर २००३ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेर ती रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. भेट मिळालेल्या वस्तूचाही शुल्काचा कागद साफ लागतो.

आपल्या अंगणातली इटली

फेरारी आपल्या गॅरेजात येणार नाही. पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट ११०० किंवा बजाजने पियाजिओच्या परवान्यावर काढलेली व्हेस्पा आजही एखाद्या वाड्यात धूळ खात उभी असते. तीही मुळात इटलीचीच. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपातील खाजगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन किंवा देखभालीपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदलून टाकलेली गाडी या नियमात बसत नाही. म्हणून कारागिराचा हात इथे फार महत्त्वाचा आहे.

कारागीर व व्यापाऱ्यांनी काय करावे

१. चेसिस आणि इंजिन नंबरच्या जागी ग्राइंडर, वेल्डिंग किंवा पुटी लावू नये. काम सुरू करण्याआधी नंबरचा फोटो घ्यावा.

२. काढलेला मूळ पार्ट भंगारात न टाकता चिठ्ठी लावून मालकाला परत द्यावा.

३. बिलावर तारीख, चेसिस नंबर आणि केलेले काम स्पष्ट लिहावे. आजचे बिल उद्या त्या गाडीचा पुरावा असते.

४. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे. फॉर्म २९ व ३० कोऱ्या सहीचे ठेवून गाडी चार हातांतून फिरवण्याची सवय सोडावी.

५. मालक वारल्यास वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावी. आजोबांच्या नावावर राहिलेल्या गाडीला पुढे दहा वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. एक सही अडली की सौदा अडतो.

चांगले डेंटिंग गाडीला रूप देते, पण भाव टिकतो तो कागदावर. हातातल्या हुनराबरोबर नोंदवहीही चोख ठेवणारा कारागीर गिऱ्हाइकाला स्वतः शोधावा लागत नाही. तो एकमेकांच्या सांगण्यावरून मिळतो.