आकाशमार्गाचे नियंत्रक आणि खंडित निधी

अमेरिकेत विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखणारे नियंत्रक केंद्र सरकारचे कर्मचारी असून, त्यांची 'नॅटका' ही संघटना 1987 मध्ये, म्हणजे 1981 च्या संपानंतर अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केल्यानंतरच्या काळात, उभी राहिली. पगारवाढीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तिचा आग्रह निधीच्या सातत्याचा आहे. विमानतिकिटांवरील व इंधनावरील करांतून भरणारा स्वतंत्र विश्वस्त निधी 1970 पासून अस्तित्वात असला, तरी तो खर्च करण्यास काँग्रेसची, म्हणजे तेथील संसदेची, मंजुरी लागते. ती वेळेत न मिळाल्यास 'शटडाऊन', म्हणजे सरकारी कामकाज ठप्प होणे, ओढवते आणि नियंत्रकांना पगाराविना कामावर यावे लागते. 2018-19 मध्ये हे 35 दिवस चालले, तर 2025 मध्ये 43 दिवस, आणि त्या वेळी चाळीस मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करावी लागली. 2013 च्या खर्चकपातीत तर नियंत्रकांना सक्तीच्या बिनपगारी रजेवर पाठवले गेले.

खरी हानी मात्र प्रशिक्षणाची होते, कारण ओक्लाहोमा सिटीतील अकादमीनंतरही नवा नियंत्रक पूर्ण पात्र होण्यास अनेकदा काही वर्षे लागतात आणि भरतीतील खंडाचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागतात. म्हणूनच, नफ्यासाठीच्या खासगीकरणाला ठाम विरोध असूनही, नियंत्रणसेवा स्वतंत्र ना-नफा महामंडळाकडे सोपवणाऱ्या 2016 च्या विधेयकाला संघटनेने पाठिंबा दिला, जो सार्वजनिक क्षेत्रातील कामगार संघटनेसाठी धाडसी आणि समर्थनीय निर्णय होता. ते विधेयक मंजूर झाले नाही.