रुखवतातील सुईकाम

नीरा डाव्या कालव्याकाठचे माळेगाव बुद्रुक हे गाव बाहेरच्यांना परिचित आहे ते तेथील सहकारी साखर कारखान्यामुळे. तुळशीचे लग्न पार पडले की उसाचे गाळप आणि लग्नसराई अशी दुहेरी धांदल या परिसरात सुरू होते. लग्नघरी मांडवाच्या एका अंगास रुखवत मांडलेले असते आणि त्यापाशी स्त्रियांची पावले हटकून थांबतात. वस्तू उलटून पाहिली जाते, कारण सुईकामाची खरी परीक्षा मागच्या बाजूस होते.

रुखवत म्हणजे मूळचा वधूपक्षाकडून वरपक्षास जाणारा फराळ. लाडू, करंज्या, अनारसे यांच्या जोडीस विणलेली तोरणे, ताटावरचे रुमाल, भरलेले अभ्रे, बाळासाठी कुंची आणि टोपडे या वस्तू त्यात पुढे आल्या. त्यांपैकी पुष्कळ वस्तूंचा आधार आहे दुसुती कापड. ताणा आणि बाणा दोन्हींत दोन-दोन धागे जोडीने चालत असल्यामुळे या कापडावर बारीक चौकटी आपोआप दिसतात व टाके मोजणे सोपे जाते. एका चौकटीवर एक फुली, हा हिशेब ज्या मुलीस समजला ती चौकटीच्या कागदावरून मोर, तुळशीवृंदावन किंवा ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे सहज उतरविते. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय मात्र एकाच दिशेस पडला पाहिजे. तो चुकला की कामाची झळाळी जाते.

जाळीदार कॅनव्हासवरील लोकरीचे भरतकाम याच कुळातील. फरक इतकाच की दुसुतीवर नक्षीभोवतालचे कापड मोकळे राहते, तर कॅनव्हासची जाळी पूर्णपणे झाकली जाते. त्यामुळे वस्तू जाड व टिकाऊ होते आणि आसन, उशी किंवा पिशवी यांस ती योग्य ठरते. तिरप्या टाक्यामुळे कॅनव्हास एका अंगास ओढला जातो. म्हणून तो चौकटीवर ताणून घ्यावा व काम संपल्यावर ओलसर करून पुन्हा काटकोनात टाचून वाळवावा. सुई बोथट टोकाची असावी.

या कलेची बर्लिनमध्ये छापलेली रंगीत नमुनापत्रे एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली. आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या संस्थांनी शिवण व भरतकामास अर्थार्जनाचे साधन मानले. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आणि पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले सेवासदन ही त्याची ठळक उदाहरणे होत. देशी परंपरा मात्र त्याहून जुनी. जुन्या लुगड्यांच्या थरांवर धावदोरा घालून शिवलेली गोधडी घरोघरी होती, आणि ती शिवावयास दोघी-तिघींनी समोरासमोर बसावे लागे. छंद म्हणून त्याकडे कोणी पाहिले नाही, एवढेच.

सोबतीचा हा भाग महत्त्वाचा आहे. दहा इंच लांब-रुंद आसनाचा हिशेब करू. इंचाला १४ टाके धरले तर एका बाजूस १४० आणि सर्व मिळून १९,६०० टाके होतात. मिनिटाला चार टाके घातले तरी ८१ तासांहून अधिक वेळ लागेल. रोज दुपारी दोन तास बसणाऱ्या स्त्रीस ते सुमारे ४१ दिवसांचे काम होय. एवढ्या चिकाटीस एकटीचे मन धजत नाही. पाच मैत्रिणींनी एकेक चौकोन भरून तो जोडला तर भार वाटला जातो आणि वधूला पाच हातांची आठवण मिळते. सर्वांनी धागा एकाच लॉटचा घ्यावा; नाहीतर एकच लाल रंग पाच छटांत दिसतो.

आज तयार रुखवत विकत किंवा भाड्याने मिळते. त्यात वेळ वाचतो, हे खरे. पण विकतच्या वस्तूंची संख्या वाढू लागली की तुलना सुरू होते आणि वधूपित्याच्या डोक्यावर कर्ज चढते. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ हा मागणीवाचून दिलेल्या भेटींना मुभा देतो. मात्र वधूच्या बाजूने दिलेल्या भेटी रूढीस धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीस सोडून नसाव्यात, असे त्यात म्हटले आहे. १९८५ च्या नियमांनुसार भेटींची लेखी यादी ठेवून तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते नमूद करावयाचे असते, आणि तीवर वधू-वर दोघांनी सही करावयाची असते. हाताने भरलेल्या आसनासमोर किंमत म्हणून दोरा-कापडाचे चारशे-पाचशे रुपये लिहिले जातील. ८१ तासांना त्या यादीत रकाना नाही.

त्या तासांना बाजारात मोल मिळू शकते काय, हा वेगळा प्रश्न. राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. बचत गटांच्या वस्तूंना पुण्याच्या भीमथडी जत्रेसारखी ठिकाणे लाभली. माळेगावातच शारदानगर येथे मुलींचे महाविद्यालय आहे. मजुरी धरून भाव सांगावयाचा, तर पूर्ण भरलेल्या आसनापेक्षा मोकळ्या कापडावर छोटी नक्षी असलेला रुमाल विक्रीस बरा. मोठे काम आप्तांसाठी राखावे.

लग्नातल्या वस्तूस हळद लागतेच. डागावर साबण चोळताच तो लालसर होतो, त्याने घाबरू नये. विरंजक वापरू नये. वस्तू थंड पाण्यात धुऊन उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हाने उडतो. डाग फिकटताच ती सावलीत घ्यावी, कारण जास्त ऊन लागल्यास लोकरीचे रंगही विटतात.