निरोप पोचवणारी प्रथिने

कुष्ठरोगात नसांची हानी एकटे जंतू करत नाहीत. त्यांच्यावर चालून जाणाऱ्या आपल्याच पेशींमुळे होणारा दाहही करतो. टाइप 1 मधुमेहात तर प्रतिकारशक्ती थेट आपल्याच अवयवावर उलटते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर तुटून पडतात आणि इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ अशी निरोप पोचवणारी प्रथिने सोडतात. इंटरफेरॉनचा निरोप मिळताच बीटा पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणा अधिक ठळक करते, आणि मारेकऱ्यांना नेमकी सापडते.

मग हे निरोपच तोडले तर? इंटरल्यूकिन-1 हे असेच एक निरोप्या प्रथिन रोखणाऱ्या औषधांनी 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत निराशा केली, हे खरे. पण 2020 मध्ये टीएनएफ रोखणाऱ्या गोलिमुमॅबने आणि 2023 मध्ये अनेक निरोप एकदम अडवणाऱ्या बॅरिसिटिनिबने, नुकतेच निदान झालेल्यांची स्वतःची इन्सुलिननिर्मिती काही काळ टिकवली. म्हणून ही प्रथिने नुसती साक्षीदार नाहीत, असे माझे मत. मात्र टीएनएफ क्षयाच्या जंतूंनाही कोंडून ठेवते. ते रोखले तर दबलेला क्षय उफाळू शकतो, आणि आपल्याकडे ही भीती मोठी आहे. शिवाय यातले कोणतेच औषध इन्सुलिनची जागा घेत नाही. मूल अचानक खूप पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले, वजन उतरले, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.