घड्याळ का थांबले?

‘माझ्या हाताला घड्याळ लाभत नाही,’ असे म्हणणारी माणसे लातूर जिल्ह्यातील जळकोटासारख्या गावातही आढळतात आणि मुंबईसारख्या शहरातही आढळतात. नवे घड्याळ हातावर बांधावे आणि थोड्याच महिन्यांत ते बंद पडावे, असे दोन-तीनदा घडले, की लोक तर्क लढवू लागतात. कोणी म्हणतो, ‘याच्या अंगात वीज आहे.’ कोणी म्हणतो, ‘याचा हातच वाईट!’ मग त्या माणसाच्या हाती एखादे यंत्र देण्यासही लोक कचरतात. बंद पडलेले घड्याळ दुरुस्त होते. परंतु माणसावर एकदा बसलेला शिक्का सहसा पुसला जात नाही. म्हणून या समजुतीची नीट पारख केली पाहिजे.

चावीच्या घड्याळाचे अंतरंग फार नाजूक असते. त्यात एक लहानसे चाक केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर मागेपुढे झुलत असते. अशी पुष्कळ घड्याळे सेकंदाला पाच वेळा टिकटिक करतात. म्हणजे दिवसाकाठी ४,३२,००० वेळा! इतके श्रम करणाऱ्या यंत्राला धुळीचा एक कणही अडवू शकतो. सेलवर चालणाऱ्या घड्याळात स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. पण सेल संपला किंवा त्याच्या टोकांना गंज चढला, की तेही थांबते.

जळकोटच्या परिसरात उन्हातान्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या मनगटावर घामाच्या धारा असतात. मळणीच्या वेळी हवेत बारीक भुसा उडत असतो. घाम आत झिरपला, की पोलाद गंजते. धूळ शिरली, की तेल चिकट होते. अशा माणसाची घड्याळे इतरांपेक्षा लवकर थांबली, तर दोष त्याच्या हाताचा नसतो. तो हात अधिक कष्ट करतो, एवढेच त्यातून दिसते.

आता अंगातील विजेविषयी. हृदय आणि मज्जातंतू यांचे कार्य विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहांनी चालते, हे खरे आहे. परंतु हृदयामुळे निर्माण होणारे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या एक लक्षांशाहूनही कमी असते. पृथ्वीच्या चुंबकत्वाने ज्या घड्याळांचे काही बिघडत नाही, ती या क्षीण शक्तीने कशी थांबणार? हिवाळ्यात लोकरी कपडा काढताना ठिणगी उडते. तिने नाजूक उपकरणाला क्वचित इजा होऊ शकते. पण कोरड्या हवेत अशी ठिणगी कोणाच्याही अंगावर उडते.

याच्या उलट प्रकारही घडला आहे. १९७३ साली उरी गेलर नावाच्या मनुष्याने ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर बंद घड्याळे चालू करून दाखवली. ही मनाची अद्भुत शक्ती होय, असे अनेकांना वाटले. न्यूझीलंडमधील डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी मात्र घड्याळजींकडे चौकशी केली. दुरुस्तीसाठी आलेली निम्म्याहून अधिक घड्याळे नुसती हातात धरून हलवली, तरी चालू होतात, असे दिसून आले! हाताच्या उबेने घट्ट झालेले तेल पातळ होते, हिसक्याने अडकलेला कण सुटतो आणि चाक पुन्हा झुलू लागते.

मनही आपल्याला फसवते. थांबलेली दोन घड्याळे ध्यानात राहतात. वर्षानुवर्षे चाललेले तिसरे कोणी मोजत नाही. म्हणून शंका आली, तर दोघांनी काही महिने घड्याळांची अदलाबदल करावी, थांबण्याचे दिवस वहीत टिपावे आणि घड्याळजीकडून घड्याळ उघडून पाहावे. बहुधा आत गंज, धूळ किंवा संपलेला सेल आढळेल.

कारण शोधण्यास थोडा वेळ लागतो, दोष देण्यास मात्र क्षणही पुरतो. पण तेवढा वेळ दिला, तर घड्याळही चालू लागते आणि एका निरपराध माणसावरचा ठपकाही दूर होतो.