वरचे धान्य कोरडे, आतले ओले

एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘द कुकूज कॉलिंग’ नावाची एक रहस्यकथा प्रसिद्ध झाली. लेखकाचे नाव होते रॉबर्ट गॅलब्रेथ. नाव कोणाच्या ओळखीचे नव्हते. समीक्षकांनी पुस्तकाचे बऱ्यापैकी कौतुक केले, तरी पुठ्ठा बांधणीच्या सुमारे दीड हजारच प्रती खपल्या. जुलैमध्ये एका वृत्तपत्राने उघड केले की गॅलब्रेथ म्हणजे दुसरे कोणी नसून हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग आहेत. झाले! तेच पुस्तक बघता बघता ऑनलाइन विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. आतला मजकूर होता तोच होता. बदलले होते फक्त नाव.

याच्या तीस वर्षे आधी डोरिस लेसिंग या नामवंत लेखिकेने असाच एक प्रयोग केला होता. जेन सोमर्स या टोपणनावाने त्यांनी आपली कादंबरी पाठवली, तेव्हा त्यांची पुस्तके वर्षानुवर्षे छापणाऱ्या ब्रिटिश प्रकाशकानेच ती परत केली. १९८३ मध्ये दुसऱ्याने ती छापली. नव्या लेखकाला किती दारे ठोठवावी लागतात, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे २००७ मध्ये याच लेखिकेला नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन घटनांवरून एक गोष्ट लक्षात येते. साबण, चहा आणि बूट जसे नावावर विकले जातात, तशी आता पुस्तकेही नावावर विकली जातात. चांगल्या नावावर विश्वास ठेवण्यात गैर काही नाही. माणूस वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे लिहितो, तेव्हाच त्याचे नाव होते. अडचण तेव्हा होते, जेव्हा नाव आधी येते आणि लेखन मागाहून जमवले जाते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर लोकप्रिय असलेल्या एका ब्रिटिश तरुणीच्या नावाने ‘गर्ल ऑनलाइन’ ही कादंबरी बाजारात आली. पहिल्याच आठवड्यात ७८ हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. नवोदितांमध्ये हा विक्रम ठरला. काही दिवसांतच प्रकाशकांना मान्य करावे लागले की हे पुस्तक तिने एकटीने लिहिलेले नाही. वाचणाऱ्या बहुतेक शाळकरी मुली होत्या. आपली आवडती ताई आपल्याशी बोलते आहे, असे समजून त्यांनी ते घेतले होते. पवित्र कुरआनच्या सूरह आल-इमरानमध्ये (आयत १८८) अशा लोकांना इशारा दिला आहे, ज्यांना न केलेल्या कामाबद्दलही आपली स्तुती व्हावी असे वाटते. लिहिण्यात मदत घेणे हा गुन्हा नाही. पण ज्याने रात्री जागवून लिहिले त्याचे नाव पुसून टाकणे, ही त्याच्या श्रमाची चोरी आहे.

यादीत चढण्याची घाई

‘सर्वाधिक खपाचे पुस्तक’ ही पट्टी पाहिली की आपला हात आपोआप पुढे जातो. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘हँडबुक फॉर मॉर्टल्स’ हे फारसे कोणी न ऐकलेले पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या किशोर साहित्याच्या यादीत एकदम पहिल्या क्रमांकावर आले. पुस्तकप्रेमींना संशय आला. चौकशी करता असे दिसले की निरनिराळ्या दुकानांत फोन करून, ‘तुम्ही तुमच्या विक्रीचे आकडे त्या यादीसाठी कळवता का?’ असे आधी विचारून मोठमोठ्या मागण्या नोंदवल्या गेल्या होत्या. ते पुस्तक लगेच यादीतून काढण्यात आले.

इस्लामी व्यापार नियमांत या प्रकाराला फार जुने नाव आहे : ‘नजश’. लिलावात ज्याला वस्तू घ्यायचीच नाही, त्याने केवळ भाव चढावा म्हणून खोटी बोली लावणे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याला स्पष्ट मनाई केली आहे. बाजार उंटांचा असो की पुस्तकांचा, खोटी गर्दी उभी करून खऱ्या गिऱ्हाईकाला फसवण्याची रीत तीच आहे.

मलपृष्ठावरची स्तुती

मलपृष्ठावरच्या स्तुतीला इंग्रजीत ‘ब्लर्ब’ म्हणतात. हा शब्द मुळात थट्टेतून जन्मला. १९०७ मध्ये जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर ‘मिस ब्लर्ब’ नावाची काल्पनिक बाई तोंड भरून स्तुती करताना दाखवली होती. प्रकाशकांच्या अतिशयोक्तीची ती टिंगल होती. टिंगल विसरली गेली आणि अतिशयोक्ती मात्र नेमाने छापली जाऊ लागली.

येथे एक हदीस आठवते. प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वर धान्य कोरडे होते, आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. चकचकीत मुखपृष्ठाखाली ओले धान्य विकणाऱ्यांना आणखी काय सांगायचे?

आपल्या घरातही पाहू

बोट फक्त परक्यांकडे दाखवून चालणार नाही. आपल्याकडेही सोनेरी मुखपृष्ठाच्या, ‘सर्व अडचणींवर रामबाण वजीफा’ अशा मथळ्याच्या पुस्तिका हातोहात खपतात. आत हदीसला ना संदर्भ, ना संकलकाचा पत्ता. कर्जाने गांजलेली एखादी आई ती घेते, तेव्हा तिने पैशांबरोबर आपली आशाही दिलेली असते. दीनच्या नावावर केलेली अतिशयोक्ती ही सर्वांत महाग फसवणूक आहे.

खरे तर आपला वारसा वेगळा आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अन-नदीम नावाचा पुस्तकविक्रेता होता. हिजरी ३७७ मध्ये त्याने ‘अल-फिहरिस्त’ ही ग्रंथसूची रचली. कवींच्या काव्याची नोंद करताना त्याने ते किती पानांचे आहे हे दिले, आणि आपण धरलेल्या पानाच्या एका बाजूला वीस ओळी असतात हेही सांगून ठेवले. कमी मजकुराची प्रत पुरी म्हणून कोणी गळ्यात मारू नये, यासाठी वाचकाच्या हातात माप होते. विक्रेता असूनही त्याने गिऱ्हाईकाला तराजू दिला.

आपणही घरात असा तराजू ठेवू शकतो. पुस्तक घेताना मुखपृष्ठ न पाहता मधली दोन पाने वाचा. धार्मिक पुस्तक असेल तर संदर्भ दिले आहेत का, हे तपासा. वाचनालयातून एकदा आणून पाहा, मग विकत घ्या. मुलांना ‘कोणाचे पुस्तक आहे?’ याऐवजी ‘काय लिहिले आहे?’ असे विचारायची सवय लावा. आणि एखाद्या अनोळखी लेखकाचे पुस्तक आवडले, तर चार जणांना जरूर सांगा. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, त्याच्यासाठी वाचकाची खरी साक्ष हीच जाहिरात असते.

पहिल्या वह्यमधला पहिला शब्द ‘वाच’ हा होता. जे वाचायचे ते पारखून घेणे, हेही त्या आज्ञेचाच भाग समजायला हवे.