कागदाकडून गळ्याकडे

महानोरांवर लिहिणाऱ्यांनी फार पूर्वीच एक सोयीची वाटणी करून ठेवली आहे. ‘रानातल्या कविता’ लिहिणारे कवी महानोर एका खणात, ‘जैत रे जैत’ची गाणी लिहिणारे गीतकार महानोर दुसऱ्या खणात. पहिला खण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी, दुसरा रेडिओसाठी. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ना. धों. महानोर गेले, तरी ही वाटणी काही मोडली नाही. उलट ‘सिनेमानं एक मोठा कवी आपल्याकडून नेला’ असा हळहळीचा सूर अधूनमधून कानावर येतोच. हा सूर लावणाऱ्यांची नावं घेण्यात अर्थ नाही, ते सगळे सज्जन आहेत. पण त्यांची वाटणी चुकीची आहे आणि तिचं मूळ महानोरांना वाचण्याच्या पद्धतीत नसून खानदेशचं गाणंच नीट न ऐकण्यात आहे. आपल्याकडे कविता आणि गाणं हे सख्खे भाऊ नाहीत, ते एकच आहेत. कधी तोंडातून कागदावर येतं, कधी कागदावरून गळ्यात जातं. महानोरांची सगळी वाटचाल या दुसऱ्या दिशेची आहे, आणि तीच त्यांच्या कवितेची खरी दिशा आहे.

पहिल्या दिशेचं उदाहरण साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. असोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधरींची सून, अक्षरओळख नसलेली बहिणाबाई. जन्म १८८०, मृत्यू ३ डिसेंबर १९५१. मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी लिहून घेतलं म्हणून जे उरलं, ते आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली छापलं गेलं. म्हणजे बाईंचा पहिला छापील शब्द त्यांच्या मागे उमटला. त्यानंतर आपण काय केलं? त्यांच्या ओव्यांतून सुभाषितं वेचली, भिंतीवर रंगवली, मनावरच्या रचनेला अध्यात्म म्हटलं आणि संसारावरच्या रचनेला उपदेश. पण त्या ओळींना सुभाषिताचा आकार आला तो उपदेशाच्या हौसेपोटी नाही, जात्यामुळे आला. दळणाऱ्या हाताचा फेरा पुरा होतो तिथे ओवी पुरी होते. म्हणून प्रत्येक द्विपदी आपल्यापुरती मिटलेली असते, एका उपमेला दुसरी उपमा जोडली जाते आणि मधली एखादी गळली तरी दळण थांबत नाही. कागदावर जो विचार वाटतो तो आधी हाताचा ताल असतो. जाता जाता आणखी एक जुनं भांडण. बहिणाबाईंना सरसकट ‘अहिराणी कवयित्री’ म्हणणं आता तरी थांबावं. अहिराणीची षष्ठी ‘ना-नी-नं’ची आणि ‘आहे’ला ती ‘शे’ म्हणते. बहिणाबाईंच्या ओवीत ‘चा-ची-चं’ आहे. त्यांची बोली लेवा गणबोली. हा कीस काढण्याचं कारण जातीचा अभिमान नव्हे. ज्याला बोलीतला फरक ऐकू येत नाही, त्याला चालीतला फरक ऐकू येईल यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता महानोर. इथे पहिला आक्षेप भूगोलाचा येतो. पळसखेड सोयगाव तालुक्यातलं, म्हणजे मराठवाड्यातलं. मग हा कवी खानदेशचा कसा? जिल्ह्याच्या नकाशावर हे बरोबर आहे. पण नकाशातली ती रेघ निजामाच्या राज्याची जुनी हद्द आहे. ती पाण्यानं आखलेली नाही आणि गाण्यानंही नाही. सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर अंगाला, खाली बसलेलं. लेण्यांजवळची वाघूर उत्तरेला वाहते ती तापीला भेटायला. पळसखेडच्या पोरानं शाळेसाठी गाठलं ते शेंदुर्णी, कॉलेजसाठी गाठलं ते जळगाव. शेंदुर्णीवरून पाचोरा-जामनेरची छोटी गाडी जायची, बाजार तिकडे, सोयरीक तिकडे. माणसाचं गाणं त्याच्या बाजाराच्या दिशेनं शोधावं, तहसील कचेरीच्या दिशेनं नव्हे. मराठवाड्यानंही महानोरांवर हक्क सांगावा, त्याला ना नाही. पण त्यांचं दुसरं पुस्तक ज्या नावानं आलं ते नाव समजून घ्यायला खानदेशात उतरावंच लागतं.

ते पुस्तक म्हणजे ‘वही’, साल १९७०. शहरी वाचकाला वाटतं वही म्हणजे शाळेची वही. आपल्याकडे वही हे गायन आहे. डफाच्या तालावर एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची, पुन्हा वर फेकायची. वही पाठ असून भागत नाही, तिला माणसं लागतात. ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या तेव्हा समीक्षकांनी त्यातल्या रानाचं, ओल्या रंगांचं, शृंगाराचं कौतुक केलं, ते रास्तच होतं. पण तीनच वर्षांत कवीनं आपल्या संग्रहाला एका लोकगायनाचं नाव दिलं आणि त्या घाटात रचना केली, याचा अर्थ फार थोड्यांनी लावला. जो कवी छापील यशाच्या पहिल्या भरात डफाकडे वळतो, तो कागदावर समाधानी नाही. पुढे ‘पळसखेडची गाणी’ या नावानं त्यांनी गावची लोकगीतं जमवून दिली, तीही याच ओढीनं. आणि आता तारखा जुळवून बघा. ‘जैत रे जैत’ १९७७ चा. म्हणजे सिनेमा दारात यायच्या सात वर्षं आधी हा माणूस गाण्याच्या घरात शिरलेला होता. ‘सिनेमानं नेलं’ म्हणणाऱ्यांनी निदान कॅलेंडर तरी उघडावं. त्याला कुणी नेलं नाही. तो निघालाच होता, वाटेत सिनेमाची गाडी भेटली.

गाणी मागणीबरहुकूम लिहिली, सह्याद्रीतल्या ठाकरांसाठी लिहिली, मग त्यात अस्सल ते काय, हा पुढचा आक्षेप. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लिंगोबाच्या डोंगराची गोष्ट. यात अजिंठ्याच्या कवीचं काय काम? उत्तर शब्दांत नाही, मापात आहे. बहिणाबाईंच्या संसारावरच्या आणि मनावरच्या त्या दोन प्रसिद्ध रचनांचा पहिला चरण बोटांवर मोजा. आधी दोन अक्षरांचा शब्द, मग तीन अक्षरांचा एकच शब्द दोनदा. दोन, तीन, तीन. एकूण आठ. आता ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर आपली ओळख सांगतात, ते गाणं घ्या. पहिला चरण पुन्हा तोच: दोन, तीन, तीन. अष्टाक्षरी ओवी साऱ्या महाराष्ट्राची आहे हे मला मान्य आहे, ती खानदेशच्या मालकीची आहे असा माझा दावा नाही. दावा एवढाच आहे की मुंबईच्या स्टुडिओसाठी, परक्या डोंगरातल्या माणसांसाठी लिहायला बसलेल्या कवीच्या हाती आपसूक आलं ते जात्यावरचं माप. शब्द दोनदा म्हणणं ही लोकगीतात अक्षरं भरायची युक्ती नसते. पहिल्यांदा शब्द सांगितला जातो, दुसऱ्यांदा तो सगळ्यांचा होतो. राहिला मागणीचा मुद्दा. जात्याची चाल दळणारीनं शोधलेली नसते, आखाजीच्या झोक्याची चाल झोक्यावर बसणारीनं बांधलेली नसते. लोकगीत कायमच तयार चालीवर लिहिलं गेलं आहे. चालीत बसवणं हा कमीपणा असेल, तर आपल्या आज्या-पणज्या साऱ्याच कमअस्सल ठरतील.

तिसरा आक्षेप जरा जड आहे. महानोरांच्या गाण्यात तेच आभाळ, तीच पाखरं, तेच चिंब रान, शेतकऱ्याच्या घरातला अंधार कुठे? पुनरुक्ती आहे, नाकारत नाही. छापील संग्रहात ती सलतेही. पण कागदावर जी पुनरुक्ती, ती गळ्यात पालुपद होते, आणि पालुपद परत आलं नाही तर गाणं विस्कटतं. अंधाराचं म्हणाल तर ‘एक होता विदूषक’मधल्या लावण्या ऐकून ज्यांनी कवीवर शिक्का मारला, त्यांनी तीन वर्षांनंतरचा ‘दोघी’ ऐकलेला नाही. १९९५ चा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा हा चित्रपट. दोन्हीकडे संगीत आनंद मोडकांचं. ‘दोघी’तल्या भेगाळलेल्या भुईच्या गाण्यासाठी अंजली मराठे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या गाण्यात पाऊस नाही, आणि तो नाही म्हणूनच आधीच्या सगळ्या पावसाला अर्थ येतो. आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यानं ढगाचं वर्णन शंभर वेळा केलं, तर ती सौंदर्यदृष्टीची चैन नसते. ती हिशेबाची वही असते.

बाकीचा तपशील थोडक्यात. ‘गांधारी’ ही कादंबरी, ‘अजिंठा’ ही दीर्घकविता आणि तिच्यावरचा २०१२ चा चित्रपट, १९९१ ची पद्मश्री, ‘पानझड’ला २००० चं साहित्य अकादमी, विधान परिषदेतली वर्षं, जलसंधारणाचा ध्यास. यावर लेख पुष्कळ आहेत, त्यात भर घालायचं कारण दिसत नाही. एवढंच नोंदवतो, की विधान परिषदेत पाणी अडवायचं बोलणारा आणि गाण्यात ढग बोलावणारा माणूस एकच होता.

आणि आज? आज अहिराणीला चांगले दिवस आले आहेत असं म्हणतात. केसांवरच्या फुग्यांचं गाणं पुण्या-मुंबईच्या वरातीत वाजलं, धुळ्याच्या पोराला ‘ना-नी-नं’ची लाज वाटेनाशी झाली, ही लहान गोष्ट नाही. त्या गाण्यांना नाकं मुरडणाऱ्या पंडितांत मला बसवू नये. ठेका रांगडा आहे म्हणून माझी तक्रार नाही, डफाचा ठेकाही रांगडाच होता. तक्रार वेगळी आहे. डीजेच्या भिंतीसमोर कुणी गात नाही, सगळे नाचतात. वहीत ओळ झेलणारा असायचा, गुलाबाईच्या गाण्यात प्रत्येक घर आपल्या लेकीचं नाव घालायचं, कानबाईच्या रात्रजागरणात ऐकणारी बाईच मधेच नवी ओवी टाकायची. आजचं गाणं पडद्यावरून कर्ण्यात जातं आणि संपतं, मधे गळा लागतच नाही. बहिणाबाईंचं गाणं गळ्यातून कागदावर आलं, महानोरांचं कागदावरून गळ्यात गेलं. या गाण्याला दोन्ही वाटा ठाऊक नाहीत. त्यात एक ओळ भर घालायची सोय नाही, म्हणून पुढच्या लग्नसराईला ते जुनं होतं आणि त्याजागी दुसरं येतं.

यावर उपाय भाषणांचा नाही. २०१८ पासून जळगावच्या आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथं जुनी दप्तरं जपलेली आहेत. कागद जपायची अक्कल या दोन जिल्ह्यांना आहे. आता आवाज जपायला हवेत. वहीचे डफवाले आणि झोक्यावरच्या म्हाताऱ्या यांच्याकडून नुसते शब्द लिहून घेऊ नका, चालीसकट ध्वनिमुद्रित करा, आणि गाणाऱ्याचं गाव व बोली बिनचूक नोंदवा. बहिणाबाईंचे शब्द वाचले, त्यांचा गळा मात्र आपल्याकडे नाही.